भयपट बघायचे आहेत, पण सुरुवात कुठून करू?

प्रश्न असा आहे: आजवर भयपट टाळले, आता नीट बघायचे आहेत, पण उपप्रकार इतके की डोकं चक्रावतं. तर प्रत्येक प्रकारातला तुमचा आवडता चित्रपट कोणता, आणि नवख्या माणसाने सुरुवात कुठून करावी?

आधी काय करू नये ते सांगतो. 'आजवरचे सर्वांत भीतीदायक चित्रपट' अशी यादी शोधून तिच्यातल्या पहिल्या नावाला हात घालू नका. तिथे बहुतेक वेळा 'द एक्झॉर्सिस्ट' (१९७३) नाहीतर 'हेरेडिटरी' (२०१८) बसलेला असतो. दोन्ही मोठे चित्रपट, पण पहिल्या भेटीला दोन्ही गैरसोयीचे. 'द एक्झॉर्सिस्ट'च्या इतक्या नकला झाल्यात की गरकन मान फिरवणारी मुलगी पडद्यावर आली की आजच्या प्रेक्षकाला हसू फुटतं. आणि त्याआधी इस्पितळात डॉक्टर तिच्या मानेत सुई घालून तपासणी करतात, तो प्रसंग मात्र तो जांभई देत बघून टाकतो. माझ्या लेखी अख्ख्या चित्रपटातला सर्वांत असह्य प्रसंग तोच, आणि त्यात सैतानाचा काडीचाही संबंध नाही. 'हेरेडिटरी'चं उलट आहे. तो हसू देत नाही, पण तयारी नसलेल्या माणसाला या वाटेवरून कायमचा पळवून लावू शकतो.

मी चित्रपटांच्या ध्वनीचं काम करतो आणि त्यात भयपटांचा वाटा मोठा आहे. त्यामुळे माझी आवड कानाकडे झुकलेली आहे, हे गृहीत धरूनच पुढचं वाचा. 'हा चित्रपट किती भीतीदायक आहे' या प्रश्नातून हाती फारसं काही लागत नाही. 'हा माझ्यापासून काय लपवतोय' हे विचारून बघा. उपप्रकारांमधला खरा फरक तिथे आहे. पछाडलेल्या घराची गोष्ट 'कोण आहे' ते लपवते. स्लॅशर, म्हणजे एकामागून एक माणसं मारत सुटलेल्या खुन्याचा चित्रपट, मारेकरी सरळ दाखवतो, 'कधी' तेवढं लपवतो. लोकपरंपरेतल्या भयकथेत गावातल्या प्रत्येकाला सगळं ठाऊक असतं, फक्त तुम्हाला नसतं. यातलं कोणतं लपवणं तुम्हाला जास्त छळतं हे एकदा कळलं की निवड सोपी होते.

सुरुवात पछाडलेल्या घरापासून करा. या प्रकारात रक्त कमी असतं आणि भयपट चालतो कसा हे उघड्यावर बघायला मिळतं. पहिला चित्रपट 'द अदर्स' (२००१). आलेहांद्रो आमेनाबार याने लेखन, दिग्दर्शन आणि संगीत तिन्ही स्वतः केलं आहे. दुसरं महायुद्ध नुकतंच संपलंय, एक आई आणि तिची दोन मुलं मोठ्या घरात राहतात. मुलांना उजेड सोसत नाही, म्हणून घरात नियम आहे: मागचं दार कुलूपबंद केल्याशिवाय पुढचं उघडायचं नाही. नियम साधा, पण आता प्रत्येक दार, प्रत्येक किल्ली, प्रत्येक पडदा ताणाचा विषय झाला. शेवट कुणाकडून ऐकला नसेल तर नशीबवान आहात, आजच बघून घ्या.

त्यानंतर थेट 'द हाँटिंग' (१९६३). याच नावाचा १९९९ चा नवा अवतारही आहे, तो सोडून द्या. जुन्याचा दिग्दर्शक रॉबर्ट वाइज हा मूळचा संकलक, 'सिटिझन केन'चं संकलन त्याचं. या चित्रपटात भूत एकदाही दिसत नाही. दिसतं ते दार, आणि ते आतल्या बाजूला फुगतं. भिंतीपलीकडून ठोके येतात, लांबून जवळ, पुन्हा लांब, मग एकदम दाराशी. अंधारात नायिका एलिनॉर शेजारी झोपलेल्या बाईचा हात घट्ट धरून पडलेली असते, तो प्रसंग तर आम्हा मंडळींसाठी पाठ्यपुस्तकच आहे. भिंतीतून न कळणारी बडबड ऐकू येते, मध्येच लहान मुलाचं रडणं. कॅमेरा भिंतीवरच्या नक्षीवर रोखलेला असतो, आणि बघता बघता आपल्यालाच त्या नक्षीत चेहरा दिसायला लागतो. तो चेहरा कुणी काढलेला नाही, तुमच्या कानांनी तो तुमच्या डोळ्यांपुढे उभा केलाय. पुढे दिवा लागतो तेव्हा काय होतं ते सांगत नाही.

त्याच काळातला 'द इनोसंट्स' (१९६१) मला याहूनही प्रिय आहे, पण तो तिसऱ्या क्रमांकाला ठेवा, त्याची चाल संथ आहे. चित्र सुरू होण्याआधी काळ्या पडद्यावर एका मुलीच्या आवाजातलं गाणं येतं. चित्रपटगृहात पूर्वी लोक मागे वळून प्रोजेक्टरकडे बघत असतील, बिघडला की काय म्हणून! छायाचित्रकार फ्रेडी फ्रान्सिसने फिल्टरच्या कडा रंगवून रुंद चौकटीच्या दोन्ही बाजू काळोख्या केल्या. त्यामुळे मधला माणूस उजेडात असूनही कोपऱ्यात काही आहे का, हे तुम्ही सतत शोधत राहता.

'द शायनिंग' (१९८०) बद्दल इतकं लिहून झालंय की मी एकाच गोष्टीकडे बोट दाखवतो. लहान मुलगा तीनचाकी सायकलवरून हॉटेलच्या रिकाम्या मार्गिकांमधून फिरतो आणि कॅमेरा त्याच्या मागे, जमिनीलगत. गालिच्यावरून जाताना चाकांचा आवाज दबलेला. लाकडी फरशी आली की घरघराट. पुन्हा गालिचा, पुन्हा फरशी. दोन-तीन फेऱ्यांत कानाला हा ठेका पाठ होतो. मग वळणावर तो ठेका तुटण्याची वाट बघणं सुरू होतं, आणि तेच तर दिग्दर्शकाला हवं असतं. पुढच्या वेळी बघाल तेव्हा एकदा डोळे मिटून हा भाग ऐका.

आवाजाचा विषय निघालाच आहे तर दचकवण्याबद्दलही सांगतो. 'जम्प स्केअर'ला नावं ठेवायची फॅशन आहे, आणि बरेचसे त्या लायकीचे असतातही. पण तो चांगला कसा करतात हे बघायचं तर 'कॅट पीपल' (१९४२) बघा. दिग्दर्शक जाक तुर्नर, निर्माता व्हॅल ल्यूटन. रात्री एक बाई रस्त्याने एकटी चालली आहे, मागे दुसरी. दोघींच्या टाचांचा आवाज, दोन वेगळे ठेके. मग मागचा ठेका बंद पडतो. पुढची थांबते, वळते. कुणी नाही. ती पावलं उचलते, आणि आपण श्वापदाच्या झडपेची वाट बघत असतानाच कर्कश फुत्कार येतो. ती बस असते. बसचा ब्रेक. आमच्या धंद्यात या युक्तीला आजही 'ल्यूटन बस' म्हणतात. इथे कस लागतो तो फुत्काराआधीच्या शांततेत. आवाज मोठा करायला काय, एक बटण सरकवायचं असतं.

स्लॅशरबद्दल थोडक्यात, कारण या प्रकारात उत्तम चित्रपट मोजकेच आणि भरताड फार. 'सायको' (१९६०) आधी बघा. न्हाणीघरातल्या प्रसंगाला दिग्दर्शक हिचकॉकला संगीतच नको होतं. संगीतकार बर्नार्ड हरमनने तरीही ते रचलं आणि ऐकल्यावर हिचकॉकने मत बदललं. संपूर्ण संगीत फक्त तंतुवाद्यांवर आहे. मग जॉन कारपेंटरचा 'हॅलोवीन' (१९७८). हा जेमतेम सव्वातीन लाख डॉलरमध्ये झालेला चित्रपट. मुखवटा म्हणजे 'स्टार ट्रेक'मधला नट विल्यम शॅटनर याच्या चेहऱ्याचा बाजारू मुखवटा, पांढरा रंगवलेला. पियानोची धून स्वतः कारपेंटरची, पाच मात्रांची, म्हणून ती कायम एक पाऊल लंगडत असल्यासारखी वाटते. रक्त जवळजवळ नाही. मारेकरी भर दुपारी झुडपाशी नुसता उभा असतो आणि तेवढंच पुरतं. हे दोन झाल्यावर 'स्क्रीम' (१९९६) बघा, कारण त्यातली पात्रं याच नियमांची चेष्टा करतात. नियमच माहीत नसतील तर अर्धी मजा जाते. 'द टेक्सास चेनसॉ मॅसकर' (१९७४) मात्र सावकाशीने घ्या. नावावरून वाटतं तेवढं रक्त त्यात अजिबात नाही, पण किंचाळणं, यंत्राची घरघर आणि उकाडा यांनी माणूस पिळून निघतो.

भूतखेत पटतच नाही म्हणणाऱ्यांसाठी माझं उत्तर ठरलेलं आहे: 'जॉज' (१९७५) आणि 'एलियन' (१९७९). 'जॉज' भयपट आहे की नाही यावर लोक वाद घालतात. मला तो वाद कळत नाही. यांत्रिक शार्क समुद्राच्या पाण्यात सतत बिघडायचा, म्हणून स्पीलबर्गला तो दाखवण्याऐवजी पाणी, पिंपं आणि दोन सुरांचं संगीत यांवर भागवावं लागलं. पूर्ण चालला असता तर चित्रपट इतका चांगला झाला नसता, असं मला ठामपणे वाटतं. 'एलियन'मध्येही प्राणी पडद्यावर फार कमी वेळ आहे. बाकी वेळ टपकणारं पाणी, लोंबणाऱ्या साखळ्या आणि जवळ येणारा ठिपका दाखवणारं उपकरण.

आता माझा सर्वांत आवडता. शरीराच्या विटंबनेची भीती, म्हणजे बॉडी हॉरर, या प्रकारातला 'द थिंग' (१९८२), पुन्हा कारपेंटरच. अंटार्क्टिकावरचा संशोधन तळ, बारा माणसं, आणि कुणाचंही हुबेहूब रूप घेणारा परग्रहावरचा जीव. प्रदर्शित झाला तेव्हा आपटला. त्याच महिन्यात 'ई.टी.'मधला गोड पाहुणा आला होता, हा किळसवाणा कुणाला हवा होता? रॉब बॉटिन या विशीतल्या पोराने केलेली रूपांतरं आजही संगणकाला लाजवतात. पण मी सांगतोय तो प्रसंग रूपांतराचा नाही, रक्ततपासणीचा आहे.

युक्तिवाद असा की या जीवाचा प्रत्येक तुकडा स्वतंत्र प्राणी आहे, मग त्याचं रक्तसुद्धा जीव वाचवायला पळेल. नायक सगळ्यांना बांधून बसवतो, प्रत्येकाचं रक्त छोट्या बशीत घेतो आणि तापवलेली तार एकेकात बुडवतो. चर्र. काही नाही. पुढची बशी, पुन्हा तार तापवायची, पुन्हा चर्र. हा आवाज आता सुटकेची खूण झाला: चर्र झालं, म्हणजे माणूस आहे. आपण या लयीत स्थिरावतो. तेवढ्यात बांधलेला एकजण कुरकुर करतो की असल्या प्रकाराने काहीच सिद्ध होत नाही, नायक त्याच्याकडे बघत उत्तर देतो की तुझी पाळी शेवटी, आणि बोलता बोलता, लक्ष न देता तार पुढच्या बशीत टेकवतो. आपलंही लक्ष त्या दोघांच्या वादात असतं. तिथे संगीत चढत नाही, कॅमेरा जवळ जात नाही, 'आता होणार' असा एकही इशारा मिळत नाही. संकलनाच्या टेबलावर बसणाऱ्या प्रत्येकाने हा प्रसंग चौकट चौकट सुटी करून बघावा.

हा झेपला तर क्रोनेनबर्गचा 'द फ्लाय' (१९८६). किळस भरपूर, पण आतून ती प्रेमकथा आहे, असाध्य आजाराने झिजत जाणाऱ्या माणसाची. शेवटी रडू आलं तर आश्चर्य वाटून घेऊ नका.

झोंबीपटांत ऐतिहासिक सुरुवात जॉर्ज रोमेरोच्या 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' (१९६८) पासून होते. प्रदर्शनाआधी नाव बदललं, नव्या शीर्षकपट्टीवर स्वामित्वहक्काची सूचना टाकायची राहिली, आणि अमेरिकेत चित्रपट सार्वजनिक मालकीचा झाला. म्हणूनच तो जागोजागी फुकट बघायला मिळतो. गंमत म्हणजे त्यात 'झोंबी' हा शब्दच नाही. घराबाहेर मेलेले फिरत असतात आणि घरातले जिवंत लोक तळघरात लपायचं की वरच थांबायचं यावर भांडत बसतात. या प्रकारातला प्रत्येक चांगला चित्रपट त्या भांडणातून निघालाय. तरी नवख्याला मी आधी कोरियाचा 'ट्रेन टू बुसान' (२०१६) सांगेन. धावती गाडी, डब्यामागून डबा, आणि एक बाप जो सुरुवातीला फक्त स्वतःपुरतं बघतो. वेग असा की घाबरायची आठवणही नंतर होते.

जपानी भयपटांचा स्वभाव निराळा. तिथलं भूत धावून येत नाही, त्याला घाई नसते. 'रिंगू' (१९९८) मूळ जपानीच बघा. त्यातल्या सादाको या भुताची ती विचित्र चाल कशी साधली? नटीला उलटं चालायला लावून चित्रण केलं आणि फिल्म उलटी फिरवली. पाय पुढे पडतात, पण वजन चुकीच्या क्षणी सरकतं. काय चुकतंय ते डोळ्याला सांगता येत नाही, पण शरीराला कळतं. कियोशी कुरोसावाचा 'कैरो' (२००१), म्हणजे 'पल्स', त्यानंतर. त्यात एक भूत सावकाश चालत येता येता मध्येच अडखळतं, एवढंच. त्या अडखळण्याने मला जेवढं हलवलं तेवढं कुठल्याही किंचाळीने नाही. कोरियाचा 'अ टेल ऑफ टू सिस्टर्स' (२००३) दोनदा बघावा लागतो. दुसऱ्यांदा तो वेगळाच चित्रपट निघतो.

लोकपरंपरेतली भयकथा म्हटली की 'द विकर मॅन' (१९७३). हरवलेल्या मुलीचा शोध घेत एक कर्मठ पोलीस बेटावर येतो, आणि बेटावरचे लोक हसतमुखाने गाणी म्हणत असतात. अर्धा चित्रपट संगीतिकेसारखा वाटतो. कंटाळून बंद करू नका. 'मिडसमर' (२०१९) त्याच कुळातला, बहुतेक लख्ख उजेडात घडणारा. 'द विच' (२०१५) बघताना उपशीर्षकं लावाच, सतराव्या शतकातली इंग्रजी भल्याभल्यांना कळत नाही. 'तुंबाड' (२०१८) मी याच घरात ठेवतो. नारायण धारप वाचून वाढलेल्यांना त्यातली आजी ओळखीची वाटेल. तिथला पाऊस निव्वळ वातावरणापुरता नाही. तो सगळ्या आवाजांखाली अखंड चालू असतो, त्यामुळे गर्भागारात उतरल्यावर तो थांबतो तेव्हा कानात दडा बसल्यासारखं होतं. २०२४ मध्ये तो पुन्हा प्रदर्शित झाला आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमाई करून गेला.

'सापडलेल्या चित्रफिती'चा प्रकार, म्हणजे पात्रांनीच चित्रित केल्यासारखा दाखवलेला चित्रपट, काहींना मुळीच सोसत नाही, कॅमेरा हलून मळमळतं म्हणून. ज्यांना सोसतो त्यांनी 'द ब्लेअर विच प्रोजेक्ट' (१९९९) रात्री, एकटं. स्पेनचा 'रेक' (२००७) ऐंशी मिनिटांच्या आत संपतो, त्यात पाणी घालायला जागाच नाही. पण माझं मत 'लेक मंगो' (२००८) या ऑस्ट्रेलियन चित्रपटाला. तो माहितीपटाचं रूप घेतो: बुडून मेलेल्या मुलीचे आईवडील शांतपणे मुलाखती देतात. कुणी ओरडत नाही. एका मोबाइलवरचं धूसर चित्रण लागतं, आणि ते बघितल्यावर मी बराच वेळ काम बाजूला ठेवलं होतं.

रक्तपिपासूंना मी लवकर आटोपतो. 'नोस्फेराटू' (१९२२) मूकपट आहे. 'ड्रॅक्युला' लिहिणाऱ्या ब्रॅम स्टोकरची कथा परवानगीशिवाय वापरली म्हणून त्याच्या विधवेने खटला भरला आणि न्यायालयाने प्रती नष्ट करायला सांगितल्या, तरी काही वाचल्या. आणि स्वीडनचा 'लेट द राइट वन इन' (२००८), बर्फातल्या दोन एकाकी पोरांचा. बाकीचे नंतर बघितले तरी चालतील.

अलीकडच्यांत 'गेट आउट' (२०१७) सर्वांना चालतो. पटकथेचं ऑस्कर मिळालेला. त्यात कपात फिरणाऱ्या चमच्याचा साधा किणकिणाट आहे. पुन्हा चहा ढवळताना तो आठवल्याशिवाय राहत नाही. 'द बाबाडूक' (२०१४) लहान मुलं असलेल्यांनी जरा मन घट्ट करून बघावा, त्यातली आईची दमणूक राक्षसापेक्षा खरी आहे.

बघायचं कसं, हेही महत्त्वाचं. मोबाइलच्या स्पीकरवर भयपट बघणं म्हणजे वेळ वाया घालवणं. चित्रपटाच्या मिक्समध्ये, म्हणजे सगळे आवाज एकत्र जुळवताना, कुजबुज खूप खाली आणि धक्का खूप वर ठेवलेला असतो. टीव्हीवर लोक कुजबुजीसाठी आवाज वाढवतात, धक्क्याला कमी करतात, आणि रिमोट हातात धरूनच चित्रपट संपतो. साधे पण बरे हेडफोन लावा, आवाज एकदा ठरवा, मग हात लावू नका. डब केलेली आवृत्ती शक्यतो नको: संवाद नव्याने बोलताना मूळ नटाचे श्वास, हुंदके, अडखळणं बरंचसं निघून जातं, आणि भयपट तर निम्मा त्यावरच उभा असतो. खोलीत अंधार करा. मध्येच थांबवून चहाला उठू नका, ताण एकदा उतरला की पुन्हा चढत नाही.

काही सोसत नसेल तर ते आधी ठरवून टाका. रक्त नको असेल तर १९६० च्या दशकातले कृष्णधवल चित्रपट वर्षभर पुरतील. प्राण्यांवरचे अत्याचार बघवत नसतील तर 'द थिंग'च्या आधी सावध करतो, त्यात कुत्र्यांचा प्रसंग आहे. यात भित्रेपणा वगैरे काही नाही. मीही डोळ्यांना होणारी इजा बघत नाही, सरळ मान फिरवतो आणि आवाज ऐकतो, जे खरं तर जास्त वाईट असतं.

तर क्रम असा: 'द अदर्स', 'द हाँटिंग', 'एलियन', 'ट्रेन टू बुसान', 'द थिंग'. 'द हाँटिंग'ने काहीच झालं नाही तर न दिसणारी भीती तुमच्यासाठी नाही. जुनी घरं सोडा आणि तिथूनच 'द थिंग'वर उडी मारा. उलट 'द हाँटिंग'ने झोप उडवली तर 'एलियन' मागे ठेवून 'द इनोसंट्स' आणि 'कैरो' आधी घ्या. 'हेरेडिटरी' या पाचांनंतरच. आणि घरात नुकतंच कुणी गेलं असेल तर तोही नको. त्यातला पहिला तास भुताचा नाही, दुखवट्याचा आहे.